नाशिकची पहिली तीन अक्षरं कापली आणि 'नाश' उरला

यावेळी मेल आणि टपाल मिळून जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच गोष्टीचे निघाले, मोठ्या मजकुरातला पाहिजे तेवढा तुकडा कसा काढायचा, म्हणून सगळे एकत्रच घेतोय. ज्यांनी प्रिंटर आणि वायफायचं विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा. अजून एक, कोडमधले आकडे आणि कमांडची नावं इथे देवनागरीत छापलीत पण कॉम्प्युटरवर टाईप करताना इंग्रजीच टाका, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेला व्हेरिएबलचं (कोडमध्ये माहिती ठेवायच्या डब्याचं) नाव मराठीत दिलेलं चालतं (खरंच चालतं, करून बघा) पण कोडमधला आकडा मराठीत टाकला की लगेच एरर मारतं.

प्रश्न : सर, मी कॉलेज रोडला एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते. पार्ट्यांच्या जीएसटी नंबरातून पॅन नंबर वेगळा काढायचा असतो, एक्सेलमध्ये मिड(ए२,३,१०) असा फॉर्म्युला लावायचे, बरोबर यायचं. आता पायथन शिकतेय म्हणून तेच नंबर[३:१०] असं लिहिलं तर दहाच्या जागी सातच अक्षरं येतात आणि पॅनचं पहिलं अक्षर तर येतच नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर : ताई, चुकलं काहीच नाही, तुम्ही एका दुकानाचा हिशोब दुसऱ्या दुकानात सांगताय एवढंच. एक्सेलचा मिड विचारतो, कुठून सुरू करू आणि किती देऊ. पायथन विचारतं, कुठून कापू आणि कुठपर्यंत कापू. दुसऱ्या आकड्याचा अर्थच बदलला. शिवाय एक्सेल मोजणी १ पासून करतं आणि पायथन ० पासून.

हे ० पासूनचं प्रकरण डोक्यात बसत नाही अशी तक्रार मला दर महिन्याला येते, म्हणून अक्षरं मोजूच नका असं मी सांगतो. मेन रोडच्या कापड दुकानात जा. तागा पसरलाय, बाजूला मीटरपट्टी आहे, पट्टीवर ० पासून खुणा आहेत. दुकानदार २ च्या खुणेवर एक कात्री मारतो, १२ च्या खुणेवर दुसरी, हातात किती मीटर आलं? १०. पायथनचे आकडे म्हणजे या खुणा, त्या अक्षरांवर नसतात, दोन अक्षरांच्या मधल्या फटीत असतात. म्हणून नंबर[२:१२] लिहा, पॅन मिळेल. शेवटच्यातून पहिला वजा केला की लांबी, एक वाढवा एक कमी करा ही कटकटच नाही. डाइक्स्ट्रा नावाच्या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये मोजणी शून्यापासूनच का करावी यावर एक छोटं हस्तलिखित टिपण लिहिलं, त्यातला मुद्दा साधारण हाच होता, की सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा ही रीत सगळ्यात कमी घोटाळ्याची.

आता तुमच्या कामाचं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा, पहिले २ आकडे राज्याचे (आपले २७), मग १० चा पॅन, मग त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी ते, मग सहसा झेड, आणि शेवटचं तपासणीचं अक्षर. पॅनमधलं चौथं अक्षर पार्टी कोण आहे ते सांगतं, पी म्हणजे व्यक्ती, सी म्हणजे कंपनी, एफ म्हणजे फर्म, एच म्हणजे एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब). ते जीएसटी नंबरातून डायरेक्ट पाहिजे तर नंबर[५]. मीटरपट्टीवर २ पासून पॅन सुरू, त्यात तीन खुणा पुढे, पाच.

पण एक धोका आहे तो लक्षात ठेवा. स्लायस करताना, म्हणजे असं चौकोनी कंसाने कापताना, पायथन तक्रार करत नाही. कोणी १५ च्या जागी ११ च अक्षरं टाईप केली असतील तर नंबर[२:१२] गुपचूप ९ अक्षरं देऊन मोकळं होतं, जावा ही दुसरी भाषा असती तर तिथेच एक्सेप्शन (म्हणजे एरर) फेकून थांबली असती. मला पर्सनली जावाचं आरडाओरडा करणं आवडतं, निदान चुकलेलं कळतं तरी. म्हणून कापायच्या आधी मागचा-पुढचा स्पेस स्ट्रिपने काढा आणि लांबी १५ आहे का बघा, नसेल तर ती ओळ बाजूला काढून पार्टीला फोन लावा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पंचवटीत राहते. आमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये पार्सलच्या टॅगवर तालुक्याच्या नावाची पहिली तीन अक्षरं छापायची होती. मी गाव[:३] लिहिलं. डेमोला सरांच्या समोर नाशिकच्या टॅगवर 'नाश' असं आलं आणि सगळा वर्ग हसला. इंग्रजी नावांना तर बरोबर चालत होतं. हा पायथनचा बग आहे का?

उत्तर : अगं बग नाही, आणि हसू दे त्यांना, तुझा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात भारी आहे. मी तुझं पत्र वाचून आधी लॅपटॉप उघडला आणि जिल्ह्यातले पंधराच्या पंधरा तालुके टाकून बघितले. नाशिकचा नाश झाला हे खरं, पण मालेगावचा 'माल' आला, बागलाणची 'बाग' आली, देवळ्यात 'देव' भेटला आणि सुरगाण्याला 'सुर' लागला. पेठ तेवढं पूर्ण आलं. दिंडोरीचं नुसतं 'दिं', चांदवडचं 'चां', नांदगावचं 'नां'. आणि त्र्यंबकेश्वरचं फक्त 'त्र'. कळवण आणि इगतपुरी मात्र अगदी शहाण्यासारखी 'कळव' आणि 'इगत' अशी तीन अक्षरं देऊन गेली, कारण त्यांच्या सुरुवातीला काना-मात्रा काहीच नाही. तिथेच उत्तर आहे.

आपण शाळेत जे अक्षर म्हणतो ते कॉम्प्युटरला माहीत नाही. त्याच्याकडे युनिकोडची यादी आहे, त्यात न वेगळा, काना वेगळा, श वेगळा, पहिली वेलांटी वेगळी, क वेगळा, प्रत्येकाला स्वतंत्र नंबर. म्हणजे तू वाचतेस ना-शि-क, तीन, आणि पायथन वाचतं पाच. पहिली तीन मागितली की न, काना आणि श. नाश. गंमत म्हणजे नाशिक हे नावच तीन अक्षरी, बरोबर कापलं असतं तर अख्खं नाशिकच यायला पाहिजे होतं. आणि पहिली वेलांटी दिसते श च्या आधी पण साठवलेली असते श च्या नंतर, म्हणून ती कापताना मागे राहिली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि हे झालं पायथनचं. दुसरीकडे गेलीस तर 'लांबी किती' याचंच उत्तर बदलतं. नाशिक हा शब्द यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) साठवला की १५ बाइट (साठवणीचं छोटं माप) होतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. गो भाषेत स्ट्रिंगची (म्हणजे मजकुराची) पहिली तीन मागितली तर ती तीन बाइट देते, म्हणजे नुसता न. पीएचपी भाषेचं साधं सबस्टर (तुकडा काढायची कमांड) पण बाइट मोजतं, तिथे ४ मागितले तर न आणि त्याच्यापुढे एक फुटलेला तुकडा, जो स्क्रीनवर काळ्या चौकटीतल्या प्रश्नचिन्हासारखा दिसतो. म्हणून पीएचपीवाल्यांनी मराठीसाठी एमबी-सबस्टरच वापरायचं. आणि स्विफ्टमध्ये, आयफोनची ॲप ज्यात करतात त्या, नाशिकची लांबी सरळ ३ येते. एकच शब्द, ३, ५ आणि १५, आणि तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर!

माझ्या मावशीच्या पतसंस्थेच्या पावतीवर तिचं नाव कित्येक वर्षं असंच अर्धवट छापून यायचं, शेवटी चौकटीतलं प्रश्नचिन्ह, तिला वाटायचं आपल्यावर संशय आहे की काय. रकाना २० बाइटचा ठेवला असणार, २० ला ३ ने भागलं तर ६ चिन्हं पूर्ण आणि सातव्याचे दोनच बाइट उरतात, मग ते फुटणारच. मी जाऊन सांगितलं तर काउंटरवरचे म्हणे, मराठी नाव आहे ना, मग असंच येतं.

आता उपाय. आपलं अक्षर ज्याला युनिकोडवाले ग्राफीम क्लस्टर म्हणतात त्याच्या हिशोबाने कापायचं. पायथनमध्ये रेजेक्स नावाची वेगळी लायब्ररी (तयार कोडचा संच) टाकायची (आतली जी आरई आहे ती नाही), त्यात बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स हा पॅटर्न एकेक अक्षर सुटं करून देतो, मग त्या लिस्टमधली पहिली तीन घेऊन जोडायची. वेबसाइटच्या जावास्क्रिप्ट भाषेत त्यासाठी इंटल-सेगमेंटर आहे, आता सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये चालतं.

पण त्र्यंबकेश्वर तिथेही त्रास देतं बरं का. युनिकोडच्या जुन्या नियमात हलन्तानंतर अक्षर तुटायचं, त्यामुळे त्र्यंबकेश्वरचे त्, र्, यं, ब, के, श्, व, र असे आठ तुकडे व्हायचे. जोडाक्षर एकच धरायचं हा नियम आवृत्ती १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ साली आला, तेव्हा कुठे त्र्यं, ब, के, श्व, र असे आपल्याला कळतात तसे पाच झाले. तुझी लायब्ररी त्याआधीची असेल तर जुन्याच पद्धतीने तोडेल, म्हणून आधी त्र्यंबकेश्वर टाकूनच टेस्ट कर, तो एक पास झाला की बाकीचे चौदा आपोआप पास. लायब्ररी नको असेल तर हाताने लिहायलाही दहाबारा ओळींच्या वर लागत नाही, एकेक चिन्ह घेत जायचं, ते काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वार-हलन्त यातलं असेल तर मागच्याला चिकटवायचं, आणि मागचं चिन्ह हलन्त असेल तर आत्ताचं व्यंजनही मागच्यालाच चिकटवायचं, नाहीतर नवीन अक्षर सुरू. प्रोजेक्टच्या व्हायवाला हेच लिहून दाखव, लायब्ररीपेक्षा जास्त मार्क मिळतील.

आणि खरं सांगू का, टॅगसाठी मी यातलं काहीच केलं नसतं. तालुके पंधराच आहेत, आणि इतक्यात वाढायची चिन्हं नाहीत, एक डिक्शनरी (नावासमोर कोड अशी यादी) करून प्रत्येकाचा शॉर्टकोड हाताने लिहून टाकला असता. कापायची वेळच येऊ दिली नाही तर चुकायची वेळ येत नाही. पण मग आपल्याला एवढं बोलायला मिळालं नसतं.

जाता जाता, शोधून कापायचं असेल तर अजून एक खड्डा. 'ॲप' हा शब्द दोन प्रकारे टाईप होतो, एकात ॲ हे एकच चिन्ह, दुसऱ्यात अ वर वेगळा चंद्र. दिसायला सारखे, पायथनला वेगळे, आणि नॉर्मलाइज केलं (युनिकोडच्या नियमाने एकसारखं केलं) तरी एक होत नाहीत, ते रिप्लेस वापरून आपणच एक करायचे. 'दऱ्या', 'सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्या' यातला ऱ पण तसाच, कोणी अख्खा ऱ टाईप करतं, कोणी र आणि नुक्ता (खालचं टिंब). तो मात्र एनएफसी नावाच्या नॉर्मलायझेशनने एक होतो. फाइंडला (मजकुरात शोधायची कमांड) शब्द डोळ्यासमोर असूनही सापडत नाही तेव्हा नव्वद टक्के हेच असतं, असं माझं मत, कुठे मोजलेलं नाही.

प्रश्न : नमस्कार, आडगाव नाक्याकडे आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. गाड्यांचे नंबर ड्रायव्हर लोक मोबाईलवरून कसेही टाकतात, कोणी मध्ये डॅश देतं कोणी स्पेस कोणी काहीच नाही. मी पहिल्या डॅशच्या आधीचा भाग काढायला नंबर[:नंबर.फाइंड('-')] असं लिहिलं. काही गाड्यांना बरोबर येतं, पण काहींचा पूर्ण नंबर येतो आणि त्यातला फक्त शेवटचा आकडा उडालेला असतो. हे भूत काय आहे?

उत्तर : दादा, भुताचं नाव उणे एक. फाइंडला डॅश सापडला नाही तर ते एरर देत नाही, -१ देतं. आणि पायथनमध्ये -१ म्हणजे शेवटच्या खुणेच्या एक आधीची खूण. मग तुमच्या कोडचा अर्थ झाला, 'सुरुवातीपासून शेवटचं एक सोडून सगळं द्या', आणि ते इमानदारीत देतं. ज्या नंबरांत डॅश नाही त्या प्रत्येकाचा शेवटचा आकडा असाच जातो. मी पण यात पडलोय, तेव्हा ४०० ओळींची यादी परत हाताने तपासली होती.

फाइंडच्या जागी पार्टिशन('-') वापरा, ते तीन तुकडे देतं, आधीचा, डॅश आणि नंतरचा, आणि डॅश नसला तर पहिल्या तुकड्यात अख्खा नंबर, बाकी दोन रिकामे. काहीही उडत नाही. किंवा फाइंडऐवजी इंडेक्स घ्या, ते सापडलं नाही तर बोंब मारतं.

पण तुम्हाला मुळात पाहिजे आरटीओ कोड ना, नाशिकचा १५ की मालेगावचा ४१. तर डॅशच्या भानगडीत पडूच नका. आधी रिप्लेसने सगळे डॅश आणि स्पेस काढून टाका, अप्परने अक्षरं कॅपिटल करा, मग नंबर[२:४]. एमएच गाड्यांना शंभर टक्के चालतं. दिल्लीच्या गाड्या येत असतील तर जपून, तिथे डीएलनंतर एकच आकडा असलेले नंबर भरपूर आहेत, मग दुसऱ्या जागी अक्षर येतं. आणि २०२१ पासून बीएच सिरीज निघालीय, त्यात आधी वर्षाचे दोन आकडे आणि मग बीएच, तिथे [२:४] केलं तर तुम्हाला 'बीएच' नावाचं आरटीओ सापडेल. बीएच ट्रकला नसते, पण मालकांच्या कार त्याच यादीत टाकत असाल तर येणार. म्हणून काढलेले दोन्ही आकडेच आहेत का ते इजडिजिटने बघा, नसतील तर ती ओळ वेगळी ठेवा.

आणि एमएच काढायला कोणी एल-स्ट्रिप सुचवलं तर ऐकू नका, ते 'एमएच' हा शब्द काढत नाही, एम आणि एच या अक्षरांपैकी पुढे जेवढी सलग दिसतील तेवढी सगळी खातं. त्यासाठी रिमूव्ह-प्रिफिक्स आहे, पायथन ३.९ पासून.

प्रश्न : लासलगावहून लिहितोय. व्हॉट्सॲपवर रोज बाजारभावाचा मेसेज येतो, 'लाल कांदा किमान ७०० कमाल १८५१ सरासरी १५००' असा. त्यातला सरासरी भाव काढून एक्सेलला टाकायचाय, मुलगा म्हणतो आकडे मराठीत आहेत, होणार नाही.

उत्तर : मुलाला सांगा, होतं. मेसेज.पार्टिशन('सरासरी') केलं की तिसरा तुकडा म्हणजे त्या शब्दाच्या पुढचं सगळं, त्यावर स्प्लिट (शब्द सुटे करणारी कमांड) मारा आणि पहिला शब्द घ्या. आला १५००, अजून मजकूर म्हणूनच. आता त्याला इंट, म्हणजे मजकुराचा आकडा करणारी कमांड, लावा. पायथनचं इंट देवनागरी आकडे सरळ समजतं, इंट('१५००') लिहिलं (अवतरणात आहे म्हणून इथे मराठी आकडा चालतो) की हिशोबाचा पंधराशे मिळतो, काहीच बदलावं लागत नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खुर्चीतून उठलो होतो. मुलाने बहुतेक जावास्क्रिप्टमध्ये करून बघितलं असेल, तिथे नंबर('१५००') दिलं की 'हा नंबरच नाही' असं उत्तर येतं, म्हणून तो म्हणतो होणार नाही. तो पण बरोबर.

भाव '१,५००' असा स्वल्पविराम देऊन आला तर इंट अडतं, आधी रिप्लेसने स्वल्पविराम काढा. आणि इथे जागा मोजून कापू नका, भाव हजाराच्या खाली गेला की आकडा तीनच अंकी होतो आणि सगळं एकाने सरकतं. कांद्याचं तर तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न : जावास्क्रिप्टमध्ये सबस्ट्रिंग, सबस्टर आणि स्लाइस असे तीन तीन कशाला? कुठलं वापरू? – वेबसाइट करणारा एक जण, इंदिरानगर

उत्तर : स्लाइस. उणे आकडे चालतात, बाकी बरंचसं पायथनच्या स्लायससारखं. सबस्ट्रिंगला उणे आकडा दिला तर ते शून्य धरतं, आणि पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा दिला तर न सांगता अदलाबदल करतं. सबस्टरमध्ये दुसरा आकडा 'किती' असतो, वरच्या ताईंच्या एक्सेलसारखा, आणि ते आता फक्त जुन्या वेबसाइट बंद पडू नयेत म्हणून ठेवलंय. नवीन कोडमध्ये टाकू नका, जुन्यात दिसलं तर दोन्ही आकडे नीट वाचूनच हात लावा.